मधुमेहाची आगाऊ सूचना : रक्त काय सांगतं, काय सांगत नाही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले काही आकडे लिहून काढताना घातले आहेत.)



दुधाची कढई चुलीवर असताना मला मधुमेहावर बोलायला उभं करणं ही आपल्या सचिवांची गंमत आहे. दूध आटायला अजून वेळ आहे म्हणतात, तेवढ्यात मी आटोपतो.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत गेलं आणि त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. तरी हा विषय मागून घेतला, त्याला कारण आहे. रौप्यमहोत्सवी निधीतून सगळ्या सभासदांची आणि घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची रक्ततपासणी करायची असं कार्यकारिणीनं ठरवलं आहे. निर्णय उत्तमच आहे. एका प्रयोगशाळेचं पत्रकही आलं आहे. सत्तरच्या वर चाचण्या, एका रक्तात सगळं, आणि मधुमेहासाठी त्यात एकच चाचणी : एचबीए-वन-सी. उपाशीपोटी यायची गरज नाही, असं त्यावर मोठ्या अक्षरात छापलं आहे. माझं म्हणणं या एका ओळीपुरतं आहे. आपल्या राळेगावात, आपल्या माणसांच्या रक्तावर, ही एकटी चाचणी करून कुणाला 'तुम्हाला मधुमेह होणार' किंवा 'तुम्ही सुटलात' असं सांगणं बरोबर नाही.

का, ते सांगतो. थोडं मागून सुरू करावं लागेल.

बँकेत कर्ज एका दिवसात बुडत नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए होतं, पण त्याच्या आधी महिनाभर, दोन महिने खातं कुरकुरत असतं. हल्ली त्याला एसएमए म्हणतात, म्हणजे विशेष लक्ष ठेवायचं खातं. आमच्या वेळी असं नाव नव्हतं, पण चांगल्या शाखाधिकाऱ्याला ती खाती तोंडपाठ असायची. मधुमेहाचंही असंच आहे. साखर एकदम वाढत नाही. आधी काही वर्षं ती सीमेवर घुटमळते. त्याला पूर्वमधुमेह म्हणतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए-वन-सी ५.७ ते ६.४, ही ती सीमा. उपाशीपोटी १२६, दोन तासांनी २००, एचबीए-वन-सी ६.५ आणि त्याच्या वर गेलं की मधुमेह. तेही काही लक्षण नसेल तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात.

या सीमेवरच्या लोकांची संख्या लहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशभर मोठं सर्वेक्षण केलं, त्याच्या पहिल्या टप्प्यात आपला महाराष्ट्र होता. २०११ मध्ये आकडे आले. महाराष्ट्रात मधुमेही ८.४ टक्के आणि सीमेवरचे १२.८ टक्के. लोकसंख्येत धरले तर साठ लाख आणि ब्याण्णव लाख. म्हणजे बुडालेल्या खात्यांपेक्षा कुरकुरणारी खाती दीडपट! २०२३ मध्ये सगळ्या देशाचा हिशोब पुरा झाला तेव्हा मधुमेही दहा कोटींच्या वर आणि सीमेवरचे साडेतेरा कोटींच्या वर निघाले.

आता कुणी म्हणेल, हा शहरातल्या, गाडीत फिरणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसांचा आजार. आपण राळेगावची माणसं, शेतीवाडीची. इथेच आपली फसगत होते, आणि ती दाखवून दिली आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघंही सडपातळ. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, बीएमआय, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! बाहेरून किडकिडीत, आतून चरबीवाला, असा हा आपला भारतीय देह. मी तो फोटो माझ्या सौभाग्यवतीला दाखवला, तेव्हा तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. असो.

याच डॉक्टरांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला, तो अजून चालू आहे. शेतकरी कुटुंबांतल्या बायका, गरोदर होण्याच्या आधीपासून नोंदी, मग त्यांची बाळं, मग ती बाळं सहा वर्षांची, बारा वर्षांची, अठरा वर्षांची होईपर्यंत. बँकेतल्या माणसाला अशा लेजरचं फार कौतुक वाटतं, पिढ्यान्‌पिढ्या एकाच खात्यात नोंदी. तर ही मुलं अठराची झाली तेव्हा त्यांची साखर पाहिली. अंगानं बारीक, खेड्यातली मुलं. मुलग्यांमध्ये शंभरात सदतीस आणि मुलींमध्ये शंभरात अठरा जणांची साखर सीमेवर होती. आणि ज्यांची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षी बाकीच्यांपेक्षा थोडी वरच्या बाजूला होती, त्यांचीच अठराव्या वर्षीही वर निघाली. म्हणजे सूचना फार आधी मिळते. पाहणारा पाहिजे.

म्हणून रक्त तपासायचंच. प्रश्न एवढाच की रक्तातलं काय, आणि कसं.

एचबीए-वन-सी म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे अर्ध्या लोकांना ती 'तीन महिन्यांची शुगर' म्हणून माहीत आहे. आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. रक्तातली साखर त्याला हळूहळू चिकटत जाते. साखर जास्त तर चिकटणं जास्त. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यात दिसते. मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन जास्त असतं ही गोष्ट १९६८ मध्ये तेहरानच्या सॅम्युएल राहबर यांच्या लक्षात आली. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या दिवशीची शिल्लक आणि ही म्हणजे सरासरी शिल्लक. आदल्या दिवशी एखाद्यानं उसनवारी करून खात्यात पैसे भरले तरी सरासरी शिल्लक त्याला लपू देत नाही. तसंच तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडणाऱ्याला ही चाचणी बरोबर पकडते. चाचणी चांगलीच आहे. ज्याला मधुमेह आहे आणि ज्याचं रक्त ठीक आहे, त्याच्या उपचारासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

पण नीट ऐका, 'पेशी १२० दिवस जगते' हे त्यात गृहीत आहे.

आपण कापसाच्या मुलखातली माणसं. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर गाडी गेली की ग्रेडर आधी काय करतो? बोंडात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. आठ ते बारा टक्क्यांत असला तर पुढची गोष्ट. कारण ओल्या कापसाचं वजन खोटं असतं. काट्यात दोष नसतो, कापसातच पाणी असतं. एचबीए-वन-सी हा काटा आहे. रक्ताचा ओलावा आधी मोजला नाही तर त्यावरचं वजन खोटं निघू शकतं.

हा ओलावा दोन प्रकारचा. पहिला, लोहाची कमतरता. अंगात लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात, त्यांना साखर जास्त चिकटते, आणि साखर नसतानाही एचबीए-वन-सी वाढलेलं दिसतं. हे अंदाजानं सांगत नाही. पुण्याच्या त्याच केईएमच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ११६ तरुण मुला-मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, वय साधारण एकवीस-बावीस. ग्लुकोज पाजून तपासलं तर शंभरात सुमारे आठ जण सीमेवर. त्याच मुलांचं एचबीए-वन-सी पाहिलं तर शंभरात तेवीस! आठ कुठे, तेवीस कुठे. यातला काही फरक रक्ताच्या कमतरतेमुळे, लोहाच्या अभावामुळे आलेला होता.

आता हा आकडा माणसाच्या अंगावर कसा येतो ते सांगतो. माझ्या नात्यातली एक मुलगी, वय तेवीस, पुण्यात नोकरीला लागली. कंपनीच्या तपासणीत एचबीए-वन-सी ६.१ आलं. कागदावर लाल अक्षरात 'प्रीडायबेटिक'. पोरीनं भात सोडला, पोळी सोडली, दोन महिने काकड्या खाऊन काढले. अधिक अवघड असं झालं की त्याच वेळी तिचं स्थळ ठरत आलं होतं. तिनं प्रामाणिकपणे समोरच्यांना सांगितलं. पुढची बैठक झालीच नाही. दिवाळीला घरी आली ती पांढरीफटक, जिना चढताना धाप लागायची. इथल्या आपल्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, हिमोग्लोबिन किती आहे? त्या सत्तर चाचण्यांच्या कागदावर ते होतं, दुसऱ्या पानावर, ८.४. कुणी दोन पानं एकत्र वाचलीच नव्हती. उपाशीपोटी साखर ८६, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १०८. मधुमेहाशी काही संबंध नाही. चार महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं आणि एचबीए-वन-सी आपोआप ५.४ वर आलं. स्थळ मात्र परत आलं नाही.

आपल्या सोसायटीत अशा किती लेकी-सुना आहेत, ज्यांचं हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या घरात आहे? हात वर करायला सांगत नाही. प्रत्येकीनं मनात मोजावं.

दुसरा ओलावा आपल्या विदर्भाचा खास. सिकल सेल. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गोंड, परधान, कोलाम आणि इतरही अनेक समाजांत तो आहे. त्यावर कुजबुजण्यासारखं काही नाही, तो आई-वडिलांकडून आलेला रक्ताचा गुण आहे. ज्याला आपल्याकडे 'एसएस पॅटर्न' म्हणतात, त्या रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच जगते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. म्हणजे अंगात साखर भरपूर असली तरी एचबीए-वन-सी छान, खाली. पोरीच्या उदाहरणात खोटी भीती होती, इथे खोटा दिलासा, आणि तो जास्त वाईट. कारण भ्यालेला माणूस निदान दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. निर्धास्त झालेला घरी बसतो. 'एएस' म्हणजे वाहक असलेल्यांना एरवी काही त्रास नसतो, पण त्यांचंही एचबीए-वन-सी खऱ्या साखरेच्या मानानं थोडं कमी दिसू शकतं, आणि काही यंत्रांत तर आकडाच चुकतो. ज्याला नुकतंच रक्त चढवलं आहे त्याचाही आकडा धरायचा नाही. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू आहे, तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. ते कार्ड आणि आपला साखरेचा रिपोर्ट एकाच फाइलीत ठेवा, एवढीच विनंती. दोन वेगळ्या फडताळांत ठेवलेले कागद डॉक्टरपुढे एकत्र येत नाहीत.

मग कुणी विचारेल, तुमची ती साधी साखर तरी खरी कशावरून? चांगला प्रश्न आहे, आणि त्यातही एक मेख आहे. रक्त काढून नळीत ठेवलं की त्यातल्या पेशी साखर खात राहतात. तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होत जाते. रक्त इथे सकाळी काढायचं, पेटीत घालायचं, यवतमाळ-वर्धा-नागपूर कुठेतरी पाठवायचं आणि दुपारी मोजायचं, तर सीमेवरचा माणूस कागदावर निरोगी होतो. यासाठी करड्या टोपणाची नळी असते, तिच्यात फ्लोराइड असतं, ते पेशींचं खाणं थांबवतं. तेही लगेच नाही, तास-दोन तासांनी पुरतं. म्हणून नळी करड्या टोपणाची आहे ना, आणि रक्त इथेच लवकर वेगळं करणार ना, हे दोन प्रश्न शिबिराच्या दिवशी विचारायला लाजायचं नाही. किराण्याच्या दुकानात आपण काटा शून्यावर आहे का ते पाहतोच की.

पत्रकात आणखी एक 'प्रगत' यादी आहे, जास्त पैसे भरून. इन्शुलिन, सीआरपी, अमुक प्रथिनं. या संशोधनाला मी नावं ठेवत नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथे १९४८ पासून लोकांच्या नोंदी ठेवतात. तिथल्या साखर नीट असलेल्या चोवीसशेहून जास्त लोकांपैकी काहींचं साठवलेलं रक्त संशोधकांनी तपासलं. पुढच्या बारा वर्षांत ज्यांना मधुमेह झाला, त्यांच्या रक्तात काही अमिनो आम्लं आधीपासूनच जास्त होती, असं २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, फेनिलअलॅनिन. विलक्षणच आहे. (आणि कृपा करून कुणी तुरीचं वरण बंद करू नका. ही आम्लं डाळीत असतात, पण रक्तात ती वाढणं हे शरीराचा कारभार बिघडल्याचं चिन्ह आहे, वरणाचा दोष नाही.) पण हे संशोधकांच्या कामाचं. आज आपल्यासारख्यांनी ते मोजून हाती काय पडणार? बँकेत मी हे शिकलो की ज्या माहितीवरून निर्णय बदलत नाही, ती माहिती जमवण्यात शाखेचा वेळ घालवू नये.

त्यापेक्षा एक फुकटचा हिशोब सांगतो. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी धोक्याचे गुण ठरवून दिले. वय पस्तीसच्या आत शून्य, पस्तीस ते एकोणपन्नास वीस, पन्नाशीपासून तीस. कंबर बाईची ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत असेल तर शून्य, त्याच्या वर दहा सेंटिमीटरपर्यंत दहा, त्याहून जास्त तर वीस. व्यायामही आणि कष्टाचं कामही असेल तर शून्य, दोन्हींपैकी एक असेल तर वीस, काहीच नसेल तर तीस. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह तर दहा, दोघांना तर वीस. एकूण शंभर. साठ किंवा जास्त आले तर धोका मोठा. आपल्या पहिल्या रांगेतल्या मंडळींना बसल्या जागी तीस मिळालेच, अभिनंदन! कंबर मोजताना पँटचा नंबर सांगायचा नाही. आपली पँट पोटाच्या खाली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून.

आणि हे सगळं कशासाठी? आधी कळून उपयोग काय, असं एका सभासदांनी मला लिफ्टजवळ विचारलं. "होणार ते होणार." नाही हो. चेन्नईलाच डॉ. ए. रामचंद्रन यांनी सीमेवरच्या ५३१ लोकांवर प्रयोग केला, २००६ मध्ये निकाल आला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिलं, त्यांच्यातले शंभरात पंचावन्न तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांच्या चालण्या-खाण्याकडे नियमित लक्ष दिलं, त्यांच्यात एकोणचाळीस. गोळी दिलेल्यांतही साधारण तेवढेच, चाळीस. चालणं आणि गोळी सारख्याच मापाच्या निघाल्या. शंभरातले सोळा वाचले म्हणजे आपल्या सोसायटीतलं एखादं अख्खं मजलं वाचलं समजा. आणि ज्याचं पाऊल, डोळा, मूत्रपिंड वाचतं, त्याला तो सोळाचा आकडा शंभर टक्केच असतो.

तर माझी सूचना अशी. सत्तर चाचण्यांचं पत्रक बाजूला ठेवावं. त्याच पैशात प्रत्येकाची उपाशीपोटी साखर, ग्लुकोज पाजून दोन तासांची साखर आणि हिमोग्लोबिन, एवढं करावं. एचबीए-वन-सी हवं त्यानं करावं, पण हिमोग्लोबिनच्या आकड्याच्या शेजारी ठेवून डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावं. मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघालं तर आधी त्यावर उपचार, मग साखरेची चर्चा. सिकल सेलची तपासणी ज्यांची झालेली नाही त्यांनी ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. मधुमेह आधीच असलेल्यांना ग्लुकोज पाजायचं नाही, त्यांची वेगळी यादी करू. आणि तरुण पोरांना, बारीक असली तरी, आग्रहानं आणावं. पुण्याच्या गावांतली ती अठरा वर्षांची मुलं डोळ्यांपुढे ठेवा.

दोन तास बसावं लागेल, ही तक्रार आताच कानावर आली. दोन तास आपण पाणीपट्टीच्या वादावर बसतो. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकू, पत्त्यांचे दोन डाव होतील. मधल्या वेळात चहा-बिडी मात्र नाही, आणि फेऱ्याही मारायच्या नाहीत, नाहीतर आकडा बदलतो.

नावं लिहायची वही उद्यापासून माझ्याकडे, तळमजल्यावर. सकाळी आठ ते दहा. येताना आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह होता ते विचारून या, आणि सिकल सेलचं कार्ड असेल तर घेऊन या. कंबर तिथेच मोजू. शिंप्याकडची कापडी टेप आणून ठेवली आहे, दीडशे सेंटिमीटरची. पुरेल असं वाटतं.